देव एक की अनेक ते नंतर बघू, आधी नैवेद्य कुणाला ते सांगा (प्राचीन ग्रीक, रोमन आणि ज्यू)

ताम्रपट

"एकच देव मानणारे जगातले पहिले लोक म्हणजे ज्यू. ग्रीक, रोमन, इजिप्शियन ही बाकीची मंडळी अनेक देवांची." हे आपण इतक्या वेळा वाचलंय की त्यावर शंका घ्यायचं सुचतच नाही. मूळ पपायरस आणि शिलालेख वाचायला बसलं की मात्र हे विधान दोन्ही टोकांनी उसवायला लागतं. सध्या माझं हेच वाचन चाललंय, म्हणून धागा काढतोय.

ग्रीकांपासून सुरुवात करू. कोलोफोनचा झेनोफानीस हा इ.स.पू. सहाव्या शतकातला कवी-तत्त्वज्ञ. बैलांना आणि घोड्यांना हात असते, चित्रं काढता आली असती, तर त्यांनी आपापल्यासारखे देव काढले असते, असं म्हणणारा तो हाच. इथिओपियाचे लोक म्हणतात आमचे देव काळे आणि चपट्या नाकाचे, थ्रेसचे लोक म्हणतात निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे, अशी त्याने सगळ्यांची फिरकी घेतली आहे. त्याच्याच दुसऱ्या एका त्रुटित ओळीचा आशय असा: देव एकच, देवांमध्ये आणि माणसांमध्ये सर्वांत थोर, देहाने किंवा मनाने मर्त्यांसारखा मुळीच नाही. 'देव एकच' आणि 'देवांमध्ये थोर' हे एका दमात! यात काही विसंगती आहे असं त्याला वाटलेलं दिसत नाही. पुढे ॲरिस्टॉटल सगळ्या गतीचं मूळ असलेल्या अचल तत्त्वाचं विवेचन संपवताना थेट होमरची ओळ टाकतो: अनेकांचा कारभार बरा नव्हे, धनी एकच असावा.

हे झाले विद्वान. पण माझा सगळ्यात आवडता पुरावा एका तटबंदीत आहे. दक्षिण तुर्कस्तानात, जुन्या लिसिया प्रांतात, ओइनोआंडा नावाचं डोंगरावरचं गाव होतं. तिथल्या तटाच्या एका दगडावर वेदीचा आकार उठावात कोरलाय आणि त्यात सहा ओळींची देववाणी आहे. काळ साधारण इ.स. दुसरं-तिसरं शतक. आशय असा: स्वयंभू, कुणाकडून काही न शिकलेला, आईवाचूनचा, अढळ, नावात न मावणारा आणि तरी अनेक नावांचा, अग्नीत राहणारा, तो देव. आम्ही त्याचे दूत, त्याचा एक लहानसा अंश. शेवटी सूचनाही आहे, पहाटे पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करा. यातल्या तीन ओळी लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकानेही दिल्यात आणि त्या अपोलोच्या तोंडच्या आहेत असं म्हटलंय. म्हणजे खुद्द अपोलो सांगतोय की मी आपला निरोप्या. त्या देववाणीजवळच क्रोमाटिस नावाच्या बाईने 'सर्वोच्च देवा'ला दिवा वाहिल्याचा लेख आहे. थेऑस हिप्सिस्टॉस, म्हणजे सर्वांत उंचावरचा देव, एवढंच त्याचं नाव. मूर्ती नाही, कथा नाही, बायकापोरं नाहीत.

आता दुसरं टोक. एलिफंटाईन (आपली घारापुरी नव्हे, इजिप्तमध्ये आस्वानजवळचं नाईल नदीतलं बेट). इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे इराणी साम्राज्याच्या नोकरीत ज्यू शिपायांची वस्ती होती. त्यांची अरामी भाषेतली कागदपत्रं सापडली आहेत: खरेदीखतं, लग्नाचे करार, कर्जाचे कागद, पत्रं. जेरुसलेमशिवाय कुठेही बळी देऊ नये असा नियम बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे, पण या लोकांचं बेटावर स्वतःचं याहूचं (म्हणजे याहवे, ज्यूंचा परमेश्वर, त्याचं) मंदिर होतं आणि त्यात होमबली दिले जात. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी विद्रंग नावाच्या इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. तीन वर्षांनी यदान्या आणि त्याच्या सोबतच्या पुरोहितांनी यहुदाचा सुभेदार बगोही याला अर्ज लिहिला. अर्ज वाचताना घशाशी येतं: घडीव दगडाची पाच दारं, त्यांच्या कांस्याच्या बिजागऱ्या, देवदाराचं छप्पर, सोन्याचांदीची तसराळी, काय काय गेलं त्याची यादी. तेव्हापासून आम्ही गोणपाट नेसून उपास करतोय, असंही त्यात आहे.

त्याच गठ्ठ्यात वर्गणीची एक यादी आहे. माणशी दोन शेकेल (शेकेल हे चांदीचं वजन, कर्ष त्याहून मोठं). नावांच्या रांगा संपल्यावर शेवटी वाटणी येते: याहूला १२ कर्ष ६ शेकेल, एशेम-बेथेलला ७ कर्ष, अनात-बेथेल देवीला १२ कर्ष. देवी जवळजवळ याहूच्या बरोबरीने! दुसऱ्या एका कागदात अनात-याहूची शपथ आहे. मिबताहया नावाची ज्यू बाई तर एका इजिप्शियन माणसाशी व्यवहार मिटवताना सरळ साती या इजिप्शियन देवीची शपथ घेते.

एकीकडे एकच देव म्हणणारे ग्रीक, दुसरीकडे तीन देवांत वर्गणी वाटणारे ज्यू. मग फरक नेमका कुठे होता? मला वाटतं, या लोकांना आपण देवांची संख्या विचारतो तिथेच गल्लत होते. त्यांच्या काळात भांडणं झाली ती बळी, धूप, दिवा, वर्गणी कुणाच्या नावाने जाते यावरून. नैवेद्य कुणाला, यावरून. जाणकारांनी भर घालावी, आणि पटत नसेल तर हाणावं.

अर्धवट आस्तिक

लेख झकास. पण यात नवल काय? 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति', ऋग्वेद १.१६४.४६. इंद्र, मित्र, वरुण, अग्नी ही एकाचीच नावं. झेनोफानीसला हेच म्हणायचं असणार. आपल्याकडे हे पाळण्यात शिकवतात.

ताम्रपट

@अर्धवट आस्तिक, धन्यवाद. ग्रीक-रोमन मंडळी आपल्या या ओळीला नक्की टाळ्या देतील. रोमन पंडित व्हारो (इ.स.पू. ११६ ते २७) हेच म्हणतो आणि तेही ज्यूंबद्दल: त्यांचा देव म्हणजे आपला ज्युपिटर, कुठल्या नावाने हाक मारता याने फरक पडत नाही. रोमन लोकही पूर्वी १७० वर्षांहून जास्त काळ मूर्तीवाचून देव पूजत होते आणि तेच चालू राहिलं असतं तर पूजा अधिक शुद्ध राहिली असती, असंही त्याचं मत. दाखला म्हणून तो ज्यूंकडेच बोट दाखवतो.

गंमत म्हणजे हे बोलणं ज्यूंनीही वापरलं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कुणा ज्यूने ॲरिस्टियस या ग्रीक दरबाऱ्याचं सोंग घेऊन एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात हा दरबारी राजा टॉलेमीला सांगतो: महाराज, हे लोक ज्याला भजतात त्यालाच आपण सगळे भजतो, आपण त्याला झ्यूस म्हणतो एवढंच. पण नीट बघा, हे वाक्य लेखकाने ग्रीक पात्राच्या तोंडी घातलंय. त्याच पत्रातला ज्यू महायाजक एलाझार असं काही बोलत नाही. तो सांगतो की आम्हाला धर्मनियम देणाऱ्या मोशेने आमच्याभोवती लोखंडी भिंती उभारल्या, इतरांत मिसळू नये म्हणून.

ऋग्वेदातल्या ओळीबद्दल माझी शंका एवढीच. 'सगळी नावं एकाचीच' म्हटल्यावर सगळ्यांना हवी पोचतो. ज्यू म्हणतो, बरं, एकाचीच, मग बाकीच्यांचं बंद करा.

चहाबाज

याहूला बायको होती??? आणि मी त्याचा मेल आयडी बंद केला!

गंभीर प्रश्न दोन. १) इजिप्तचा राजा अखेनातेन राहिला. मोशेच्या आधी एकच देव त्याने आणला ना? २) झरतुष्ट्र?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

मधुमालती

अखेनातेनचं थोडक्यात: इ.स.पू. चौदावं शतक. आतेन ही सूर्यचकती एकटी ठेवली, अमून या जुन्या देवाचं नाव भिंतींवरून छिन्नीने खरवडून काढायला लावलं. तो मेल्यावर काही वर्षांतच सगळं पूर्ववत. तिथून मोशेपर्यंत धागा जोडायची हौस अनेकांना आहे, पण मध्ये शतकांचा खड्डा आहे आणि त्यात टाकायला पुरावा नाही. झरतुष्ट्राचा काळच ठरत नाही, म्हणून सोडते. पण इराणी राजाचं नाव ज्यू ग्रंथात फार महत्त्वाच्या जागी येतं. बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४५ व्या अध्यायात, कोरेश राजाला परमेश्वराचा 'अभिषिक्त' म्हटलंय, आणि तिथेच, पाचव्या ओवीत, 'माझ्याशिवाय दुसरा देव नाही' हे ठासून येतं. कोरेशने बाबिलोन घेतलं इ.स.पू. ५३९ मध्ये. म्हणजे राज्य गेलेलं, मंदिर जळालेलं, लोक परमुलखात, आणि नेमकी तेव्हा ही गर्जना. आपला देव हरला असं म्हणायचं नसेल तर जिंकणारा राजासुद्धा त्याचाच नोकर ठरवावा लागतो. अभ्यासक याला दुसरा यशया म्हणतात.

त्याआधीचं चित्र वेगळं आहे, आणि ते बायबलमध्येच शिल्लक आहे. ८२ वं स्तोत्र काढा. देव देवांच्या सभेत उभा राहून बाकीच्या देवांना झापतोय: तुम्ही गरिबांना न्याय देत नाही, म्हणून माणसांसारखे मराल. रिकाम्या खुर्च्यांना कुणी झापत नाही! अनुवाद ३२ मध्ये परात्पर देव राष्ट्रांची वाटणी करतो. आजच्या हिब्रू प्रतीत ती 'इस्राएलाच्या मुलांच्या' संख्येने होते, पण मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांमध्ये 'देवाच्या मुलांच्या' आहे. एकेका देवपुत्राला एकेक राष्ट्र, आणि याकोब परमेश्वराच्या वाट्याला.

शेजारच्या मवाब राज्यातली मेशा राजाची शिळा (इ.स.पू. नववं शतक, १८६८ मध्ये सापडली, आता लूव्रमध्ये) वाचली तर भाषा तीच, देव फक्त कमोश. कमोश आपल्या भूमीवर रागावला म्हणून इस्राएलने आम्हाला छळलं, मग कमोशने आम्हाला सोडवलं. आणि त्याच मवाबबद्दल २ राजे ३:२७: राजाने तटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी दिला, इस्राएलवर मोठा कोप झाला आणि ते लोक माघारी गेले. कुणाचा कोप ते लेखक सांगत नाही. मी तिथे दर वेळी थबकते.

बायकोचं म्हणाल, तर एलिफंटाईनच्या चारशे वर्षं आधीचा पुरावा आहे. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रुद इथे १९७५-७६ मध्ये उत्खनन झालं. तिथल्या मोठ्या रांजणांवर शाईने आशीर्वाद लिहिलेत: शोमरोनचा (म्हणजे समारियाचा) याहवे आणि त्याची अशेरा, तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा. अशेरा म्हणजे देवी की देवीचा लाकडी खांब, यावर विद्वान अजून भांडताहेत. जोडी मात्र लागली.

रोखठोक

वाचतोय, पण एक खटकतंय. झेनोफानीस, ॲरिस्टॉटल, व्हारो ही शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसं. ओइनोआंडाचा दगडही कुणीतरी पैसे मोजून कोरून घेतला. सामान्य माणूस काय मानत होता? ज्यांची नावं कुठे येत नाहीत त्यांचं काय?

ताम्रपट

रास्त प्रश्न. तीन माणसं पुढे करतो. त्यांतलं कुणीही तत्त्वज्ञ नाही.

पहिला मोस्कोस, मोस्किओनचा मुलगा, 'ज्यू' अशी स्वतःच नोंद करणारा. इ.स.पू. तिसरं शतक, ग्रीसमधलं ओरोपोस. तिथे अम्फिआराओस या वीर-देवाचं आजाऱ्यांसाठीचं देवस्थान होतं. लोक देवळात झोपायचे आणि स्वप्नात कौल घ्यायचे. मोस्कोस हा गुलाम, त्याला मुक्ती मिळते आणि त्याचा लेख तो या देवळात वेदीजवळ उभा करतो. कारण? अम्फिआराओस आणि आरोग्यदेवी हायजिया यांनी स्वप्नात येऊन तसं सांगितलं! ग्रीसमध्ये ज्यू म्हणून नोंद झालेला हा अगदी सुरुवातीचा माणूस, आणि तो ग्रीक देवळातला कौल पाळतोय.

दुसरा थिओडोटस, डोरिओनचा मुलगा. इजिप्तमध्ये एडफूजवळच्या वाळवंटात एल कनाइस इथे खडकात कोरलेलं देऊळ आहे. ग्रीक प्रवासी तिथे पान देवाचे आभार मानत. त्यांच्या लेखांच्या गर्दीत या ज्यूचा लेख आहे: देवाची स्तुती असो, समुद्रातून वाचलो. कोणता देव? लिहिलं नाही. जागा पानची, 'देव' मात्र बिननावाचा. मला हा माणूस फार आवडतो. आभार मानलेच पाहिजेत, जागा ही एवढीच, नाव घ्यायचं नाही.

तिसरा पोथोस, स्ट्रॅबोचा मुलगा. काळ्या समुद्राकाठचं गोर्गिप्पिया (आजच्या रशियातलं अनापा), साल इ.स. ४१. तो आपल्या घरच्या ख्रीसा नावाच्या दासीला प्रार्थनागृहात मुक्त करतो. लेखाची सुरुवात: सर्वोच्च, सर्वशक्तिमान, स्तुत्य देवाला. एकदम ज्यू थाट, आणि ज्यू सभागृहाला तेव्हा 'प्रार्थनागृह'च म्हणत. शेवट कसा होतो? झ्यूस, पृथ्वी आणि सूर्य यांच्या साक्षीने! आता पोथोस ज्यू, की ज्यूंकडे ओढलेला ग्रीक? शपथ ही कायदेशीर मजकुराची ठरलेली ओळ, म्हणून कुणी मनावर घेतली नाही? लेखावरून दोन्ही म्हणता येतं.

नवगावकर

नमस्कार. मी बेने इस्राएल, घराणं मूळचं अलिबागकडचं, आता मुक्काम इस्राएलमध्ये. धागा मुलीने पाठवला.

तुमचा मोस्कोस वाचून हसू आलं. आमच्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू विसरलेली. उरलं काय होतं? सुंता, शनिवार, खाण्याचे काही नियम आणि एक ओळ: शेमा इस्राएल, हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. सुंतेला तीच, लग्नाला तीच, मयताला तीच. भोवताली गावदेवी, म्हसोबा, सगळी मंडळी. जत्रा बघायला कुणाची ना नव्हती.

नैवेद्याचं तुम्ही म्हणता ते आमच्या घरात आजही दिसतं. मलिदा करतो आम्ही एलियाहू हन्नाबीच्या (बायबलमधला एलिया संदेष्टा) नावाने: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. ताट बघितलं तर कुणीही म्हणेल प्रसादच आहे. पण आशीर्वाद म्हणायचा तो निर्मात्याचा, फळाफळाचा वेगळा. एलियाहूची आठवण काढायची, त्याची गाणी म्हणायची, त्याला ताट दाखवायचं नाही. माझी आजी याबाबतीत फार कडक होती, पोरांनी चुकून हात जोडले तर हातावर चापटी. बायबलच्या अभ्यासकांसारखं मला बोलता येत नाही, पण धाग्याचं शीर्षक आजीला पटलं असतं.

मधुमालती

@नवगावकर काका, या प्रतिसादासाठी दंडवत. वाचनखूण साठवली.

रोखठोक

नवगावकर साहेब, आदर आहेच. पण धाग्यात एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. व्हारो म्हणतो तुमचा-आमचा देव एक. सेल्सस हा ग्रीक तत्त्वज्ञही (इ.स. दुसरं शतक) तेच म्हणतो: झ्यूस म्हणा, अदोनाय म्हणा, सबाओथ म्हणा, इजिप्तवाल्यांसारखं अमून म्हणा, काय फरक पडतो? समोरून उत्तर कायम 'नाही'. यातूनच पुढे देवळं फोडणं आलं ना? म्हणजे एकच देव मानणारे ग्रीक मोकळे आणि एकच देव मानणारे ज्यू आडमुठे, असा सरळ हिशोब दिसतो.

मधुमालती

सेल्ससला उत्तर देणारा ओरिजेन ख्रिस्ती होता, ज्यू नव्हे, हे आधी नोंदवते. आणि ग्रीक मोकळे? सीरियाच्या 'मोकळ्या' ग्रीक राजाने, अंतिओखस चौथ्यानेच, इ.स.पू. १६७ मध्ये जेरुसलेमचं मंदिर झ्यूस ऑलिंपिओसच्या नावाने केलं, शनिवार आणि सुंता यांवर बंदी घातली. 'सगळे देव एकच' ही गोष्ट राजा सांगायला लागला की त्याचा सूर बदलतो.

आडमुठेपणाचं म्हणाल तर फायलो आणि जोसेफस हे दोघे ज्यू लेखक मोशेच्या नियमाचा अर्थ असा लावतात की दुसऱ्यांच्या देवांची निंदा करू नये. आणि मिश्ना या ज्यू नियमसंग्रहातली रब्बी गॅमलिएलची गोष्ट बघा. अक्को शहरातल्या हमामात हे गुरुजी आंघोळ करत होते. तिथे अफ्रोदितीची मूर्ती. एका ग्रीकाने विचारलं, तुमच्या धर्मात हे चालतं? हमामात धर्मचर्चा करत नाहीत म्हणून गुरुजी आधी गप्प राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले: मी तिच्या हद्दीत गेलो नाही, ती माझ्या हद्दीत आली. हमाम अफ्रोदितीच्या शोभेसाठी बांधला असं कुणी म्हणत नाही, अफ्रोदिती हमामाच्या शोभेला ठेवली असंच म्हणतात. शिवाय लोक तिच्यासमोर नागडे उभे राहून लघवी करतात, ही काय देवाला वागवायची रीत? ज्याला देव म्हणून वागवतात तेच निषिद्ध.

मूर्ती फोडली नाही, आंघोळ सोडली नाही, पूजाही केली नाही.

रोखठोक

गोष्ट भारी आहे. पण त्याच अंतिओखसविरुद्ध बंड करणाऱ्या मक्काबी घराण्याचा वंशज, ज्यू राज्यकर्ता जॉन हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी गेरिझीम डोंगरावरचं शोमरोनी (समॅरिटन) लोकांचं मंदिर उद्ध्वस्त केलं. देव तोच, मोशे तोच, बळी त्यालाच. मग ताम्रपट यांचा नैवेद्याचा सिद्धांत कुठे बसतो? तिथे तर नैवेद्य योग्य देवालाच जात होता.

ताम्रपट

हाणलंत. तिथे 'कुणाला' सोबत 'कुठे' आणि 'कुणाच्या हातून' हेही येतं, मान्य. एलिफंटाईनच्या अर्जावर बगोही आणि शोमरोनचा दलाया यांनी दिलेलं उत्तर सापडलंय: मंदिर पूर्वीच्या जागी बांधा, धान्यार्पण आणि धूप चालू करा. होमबलीचा उल्लेखच नाही! आणि बेटावरच्या मंडळींनीही एका कागदात मेंढा, बैल, बकरा जाळणार नाही असं कबूल केलं. ख्नूम मेंढ्याच्या डोक्याचा देव, त्याच्या दारात मेंढे जाळणं हे भांडणाचं कारण असेल. किंवा जेरुसलेमचा मान राखायचा असेल. कारण कागदात नाही.

पण माझा सर्वांत पक्का साक्षीदार अजून यायचाय: सम्राट कॅलिग्युला.

अलेक्झांड्रियात ग्रीक आणि ज्यू यांच्यात दंगली झाल्यावर तिथल्या ज्यूंचं शिष्टमंडळ रोमला गेलं, त्याचा प्रमुख म्हातारा फायलो. त्याने स्वतः हकिगत लिहून ठेवलीय. सम्राट बंगल्यांची पाहणी करतोय, ही खिडकी अशी का, ती खोली तशी का, आणि ही मंडळी मागे मागे धावताहेत. मध्येच तो वळून विचारतो, तुम्ही डुकराचं मांस का खात नाही? विरोधी पक्ष, म्हणजे तिथले ग्रीक, खदाखदा हसतो. मग आरोप येतो: हे लोक तुमच्यासाठी बळी देत नाहीत. शिष्टमंडळ ओरडतं, खोटं आहे, तीनदा दिलेत. गादीवर बसलात तेव्हा, आजारातून उठलात तेव्हा, जर्मानियाच्या मोहिमेत यश यावं म्हणून. त्यावर कॅलिग्युला म्हणतो: दिले असतील, पण दुसऱ्याला दिलेत, माझ्यासाठी का असेना. मला नाही दिले.

अख्ख्या वादाचं मर्म या वेड्या राजाला बरोबर कळलं होतं. जेरुसलेमच्या मंदिरात रोज सम्राटाच्या कल्याणासाठी बळी दिला जात असे, पण तो परमेश्वराला. रोमने वर्षानुवर्षं ही तडजोड चालवून घेतली. इ.स. ६६ मध्ये एलाझार या मंदिराच्या अधिकाऱ्याने परक्यांच्या नावाने येणारे बळी घेणं बंद केलं, आणि युद्धाची सुरुवात इथूनच झाली असं जोसेफस लिहितो. सम्राट देव आहे की नाही यावर कुणी वादविवाद केला नव्हता. एक रोजचा बळी थांबला.

शंकासुर

सगळं वाचलं. सिद्धांत देखणा आहे, पण दोन ठिकाणी गळतो.

एक: नैवेद्यच न दाखवणारे लोक. नाझियान्झसचा ग्रेगरी हा चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू. त्याचा बाप ख्रिस्ती होण्याआधी हिप्सिस्तारी पंथाचा होता, आणि मुलाने त्याचं वर्णन करून ठेवलंय. मूर्ती नको, बळी नको; अग्नी आणि दिवे पूज्य. शब्बाथ पाळायचा, खाण्याचे काही नियम पाळायचे, पण सुंता नको. तुमच्या क्रोमाटिसबाईचा दिवा आठवा. हा माणूस ज्यू की मूर्तिपूजक? बळीच बंद केल्यावर 'बळी कुणाला' हा प्रश्न त्याला लागूच होत नाही.

दोन: ज्यूंच्या स्वर्गातही गर्दी कमी नव्हती. फायलो देवाच्या 'लोगोस'ला (शब्द किंवा बुद्धी) एके ठिकाणी चक्क 'दुसरा देव' म्हणतो. आणि तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथातली, हगिगा प्रकरणातली गोष्ट: एलिशा बेन अबूया हा पंडित स्वर्गात जातो, तिथे मेटाट्रॉन नावाचा देवदूत बसून इस्राएलची पुण्यं लिहितोय. एलिशाला वाटतं, स्वर्गात तर कुणी बसत नाही, मग इथे दोन सत्ता आहेत की काय! शिक्षा कुणाला होते? एलिशा धर्माबाहेर जातो, आणि मेटाट्रॉनला आगीचे साठ फटके बसतात. का, तर त्याला बघून तू उठला का नाहीस. इथे कुठे आलाय बळी? प्रश्न बसण्या-उठण्याचा, म्हणजे मानाचा आहे.

ताम्रपट

मेटाट्रॉनबद्दल म्हणेन, बसणं-उठणं हाही मानाचा वाटाच, त्यामुळे तो मी माझ्या पारड्यात ओढतो. ग्रेगरीच्या वडिलांचं उत्तर माझ्याकडे नाही. आशिया मायनरमध्ये अशी बरीच मंडळी असावीत, सर्वोच्च देवाचे शिलालेख शेकड्यांनी मिळालेत. जुव्हेनल हा रोमन कवीही असल्या लोकांना टोमणा मारतो: बाप शनिवार पाळतो, ढगांशिवाय काही पूजत नाही, पोरगा पुढे जाऊन सुंता करतो. म्हणजे उंबरठ्यावर एक पिढी सहज जात होती.

संपादक

ऋग्वेद विरुद्ध बायबल असे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

चहाबाज

शेवटचा प्रश्न, मग चहा. इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं. बळी संपले. मग नैवेद्याचं भांडणही संपलं का?

ताम्रपट

नाही, ते पैशावर आलं. जगभरचे ज्यू पुरुष मंदिराला वर्षाला अर्धा शेकेल पाठवत. मंदिर पडल्यावर सम्राट व्हेस्पेशियनने तोच कर, दोन द्राख्मा, चालू ठेवला, पण रोमच्या ज्युपिटर कॅपिटोलायनसच्या खात्यात, आणि बायका-मुलांकडूनही घ्यायला लावला. इजिप्तमध्ये एडफूला या कराच्या पावत्या खापरांवर लिहिलेल्या सापडल्यात. व्हारोच्या हिशोबाने यात काहीच बिघडत नव्हतं, ज्युपिटर म्हणजे त्यांचाच देव ना!

डोमिशियनच्या काळात वसुली फार कडक झाली. सुएटोनियस सांगतो, तो तरुण असताना भरलेल्या कचेरीत नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचे कपडे उतरवून सुंता झालीय का ते तपासलेलं त्याने पाहिलं. पुढच्या सम्राटाने, नर्व्हाने, इ.स. ९६ मध्ये या छळाचा बंदोबस्त केल्याचं नाण्यावर छापलं. छळ थांबवला, कर नाही.

चहाबाज

म्हणजे ज्युपिटरची वर्गणी चालूच. एलिफंटाईनला माणशी दोन शेकेल होते, इथे दोन द्राख्मा. पावत्यांवर काय लिहिलंय ते टाका की कुणीतरी, वाचायला आवडेल.